बर्फावरचं बोलणं

आमच्या सुप्रभाने मनापासून झाडू हातात घेतला तो माझ्या घरात नव्हे, ग्लासगोच्या दक्षिणेकडच्या एका आईस रिंकवर. चौदा वर्षांची होती. घरात पानं घे म्हटलं की तिला होमवर्क आठवायचं, आणि तिथे ही मुलगी घाम गाळून बर्फ घासत होती! मी शेजारच्या इशबेलला विचारलंसुद्धा, "तू हिला खेळायला नेतेस की कामाला?"

इशबेल मकॅलम शाळेत भूगोल शिकवायची आणि दर शनिवारी कर्लिंग खेळायची. तिला मूलबाळ नव्हतं. सुप्रभाला ती सू म्हणायची, आणि एकदा तिला रिंकवर घेऊन गेली ती गेलीच. आम्ही साठ साली पुण्याहून आलो होतो. माझे यजमान, डॉक्टर चंद्रशेखर खांबेटे, इथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचे. दोन वर्षं राहून परत जायचं असं ठरलं होतं. मग सुप्रभा झाली आणि ती दोन वर्षं पुढे पुढे सरकत राहिली.

खेळ तसा सोपा आहे, पण तो सोपा आहे हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. बर्फाच्या लांबलचक पट्टीच्या टोकाला रंगीत वर्तुळं काढलेली असतात. चार-चार जणींच्या दोन टीम. वर दांडा बसवलेला, वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड दुसऱ्या टोकाकडून घसरत सोडायचा. ज्यांचा दगड मधल्या ठिपक्याच्या सगळ्यात जवळ, त्यांना गुण. दगड चालत असताना दोघी जणी त्याच्या पुढे ब्रूम, म्हणजे लांब दांड्याचा झाडू, घासत धावतात. घासलं की दगड आणखी लांब जातो. कुठे घासायचं, कधी थांबायचं, ते पलीकडून स्किप, म्हणजे कॅप्टन, ओरडून सांगते. बस, एवढंच.

पण तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसायचं की मुलगी शनिवारी लालबुंद नाक घेऊन घरी येते, दोन पोळ्या जास्त खाते आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगते, "आई, आज माझी दगड खूप छान गेली."

"माझा दगड. छान गेला."

"हो, तो. छान गेली."

ह्यांना वाटायचं तिने डॉक्टर व्हावं. मार्क थोडे कमी पडले आणि ती फार्मसीला गेली. मग एकदा जेवताना हे म्हणाले, "बरं झालं, निदान रात्रीच्या ड्युट्या तरी नाहीत," आणि तो विषय संपला. ब्याऐंशी साली ती आमच्या घराजवळच्या एका केमिस्टच्या दुकानात लागली. दिवसा औषधं द्यायची, संध्याकाळी रिंक. तोपर्यंत ती मॉराग नावाच्या एका उंच, तांबड्या केसांच्या मुलीच्या टीममध्ये होती. मॉराग स्किप, आणि सुप्रभाचं मुख्य काम ब्रूम घासायचं. तिच्याइतकं जोरात घासणारी मुलगी सगळ्या स्कॉटलंडमध्ये नाही, असं इशबेल म्हणायची.

चौऱ्याऐंशी साली त्या स्कॉटिश चॅम्पियनशिपच्या फायनलला पोचल्या. हे हॉस्पिटलात अडकले होते, म्हणून मी आणि इशबेल दोघीच गेलो. काचेमागच्या गॅलरीत बसलो होतो. दोन कोट घालूनही माझे पाय बधिर झाले होते. शेवटचा डाव, शेवटचा दगड, तो मॉरागचा. तो मध्याजवळ गेला की आमची टीम चॅम्पियन. दगड सुटला. सुप्रभा आणि दुसरी मुलगी त्याच्यापुढे वाकून घासत निघाल्या. गॅलरीत सगळे उभे राहिले. दगड अगदी सुरेख चालला होता, हे मलासुद्धा कळत होतं. आणि मध्येच सुप्रभाने ब्रूम उचलला, सरळ उभी राहिली आणि हात वर केला.

"काय झालं?" मी विचारलं.

इशबेलने डोळे मिटून घेतले होते. "तिचा ब्रूम दगडाला लागला," ती म्हणाली. "लागला तर दगड बाद."

"कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही."

दगड बाजूला काढला. मॅच गेली. समोरच्या टीमच्या मुली आनंदाने उड्या मारायच्या सोडून आधी सुप्रभाकडे आल्या आणि एकेकीने तिचा हात हातात घेतला. मॉराग तिच्या खांद्यावर हात टाकून तिच्याशी काहीतरी बोलत होती. सुप्रभा रडत नव्हती. मी मात्र रडत होते, आणि खरं सांगायचं तर रागाने. घरी येताना गाडी चालवता चालवता मी तिला म्हटलं, "कोणी पाहिलं नव्हतं, तर सांगायचं कशाला? जरासा लागला असेल. त्याने काय फरक पडला असता?"

ती मागच्या सीटवर डोकं टेकून बसली होती. म्हणाली, "आई, मला कळलं ना. मग मी काय करणार? कप घरी नेऊन त्याला बघत बसणार?"

पुढे बसलेली इशबेल खिडकीबाहेर बघत राहिली. तिला मराठी येत नव्हतं, पण काय चाललंय ते तिला नीट कळलं होतं. घरी आल्यावर मी हे सगळं ह्यांना सांगितलं. हे चष्मा पुसत म्हणाले, "मधू, भूल देताना माझ्या हातून चूक झाली आणि कोणी पाहिली नाही, तर मी सांगू की नको?" दुसऱ्या दिवशी सुप्रभाला आवडतो म्हणून साखरभात केला. माफी मागायची माझी तीच पद्धत आहे, आणि तिला ती माहीत आहे.

पुढच्या वर्षी मॉराग लग्न करून अॅबर्डीनला गेली आणि जाताना टीम सुप्रभाच्या हवाली करून गेली. सुप्रभा स्किप झाली. आता घासण्यापेक्षा ओरडणं जास्त. आमच्या घरात मोठ्याने बोलायची पद्धत नाही, हे तर पेशंट घाबरू नये अशा बेताने घरीसुद्धा हळूच बोलतात. पण रिंकवर हिचा आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, ही आपलीच का? चाळीस मीटर पलीकडे असलेल्या मुलींना ती अशी हाक द्यायची की गॅलरीची काच थरथरावी.

शहाऐंशी साली त्या पुन्हा फायनलला आल्या. ह्यांनी त्या दिवशी रजा घेतली होती. पुन्हा शेवटच्या दगडापर्यंत सामना गेला, आणि या वेळी तो दगड सुप्रभाच्या हातात होता. समोर दुसऱ्या टीमचे दोन दगड आडवे उभे, त्यांच्या मागे लपलेला मधला ठिपका. तिने खाली वाकून दगडाचा तळ हाताने पुसला. ह्यांनी माझी बोटं इतकी आवळून धरली होती की बांगडी रुतली. ती घसरत निघाली, डावा पाय पुढे, छाती जवळजवळ बर्फाला टेकलेली, आणि मग हात हलकेच सुटला. दगड बाहेरच्या बाजूने गेला, मला वाटलं हुकला. पण शेवटी शेवटी तो आळसावल्यासारखा आत वळला, दोन्ही दगडांच्या मागून फिरून ठिपक्यावर जाऊन बसला. खरंच बसला, मांडी घातल्यासारखा.

"अहो, जिंकलो का?" मी विचारलं.

ह्यांनी जोरजोरात मान डोलावली.

तो चांदीचा कप चौघींच्या घरी तीन-तीन महिने राहायचा. आमच्याकडे आला तेव्हा मी तो देवघराच्या शेजारी ठेवला. इशबेल चहाला आली, बघून हसत म्हणाली, "मधुमती, तुमच्यातला हत्तीचं डोकं आणि चार हात असलेला देव घासायला फार उपयोगी पडेल." त्या वर्षी जागतिक स्पर्धेला सुप्रभाची टीम चौथी आली. चौथी म्हटल्यावर मी हळहळले, तर ती म्हणाली, "आई, जगात चौथी!" मग मलाही ते पटलं.

एकोणनव्वदच्या जानेवारीत तिचा गुडघा गेला. डावा, ज्याच्यावर सगळा भार घेऊन घसरायचं तोच. ऑपरेशन झालं. भूल द्यायला हे स्वतः नव्हते, बाहेर माझ्याशेजारी बाकावर बसले होते. सर्जनने स्पष्ट सांगितलं की चालशील, पळशील, पण इतकं खोल वाकून घसरणं आता विसर. ती सत्तावीस वर्षांची होती. त्या हिवाळ्यात ती दुकानातून आली की सरळ खोलीत जायची. शनिवारी दुपारी घर इतकं शांत असायचं की मला करमायचं नाही. इशबेल एकदा तिला जबरदस्तीने रिंकवर घेऊन गेली, तर ती अर्ध्या तासात परत आली. "नुसतं बघत बसायला नाही येत मला," म्हणाली.

त्याच वर्षी शरद ऋतूत तिला अलेस्डर नावाच्या माणसाचा फोन आला. तो रेडिओवर खेळांच्या कार्यक्रमाचा प्रोड्यूसर होता. चॅम्पियनशिपच्या वेळी मुख्य कॉमेंटेटरच्या शेजारी बसून खेळातलं बारीक सांगायला त्याला एक माजी खेळाडू हवी होती. सुप्रभाने आधी नाही म्हटलं. मग हे म्हणाले, "बोलायचे पैसे देतायत आणि नाही म्हणतेस? आपल्या घरात तुझी आई तर फुकट बोलते." त्यावर ती कितीतरी दिवसांनी हसली, आणि गेली.

अलेस्डरने एकच अडचण काढली होती. खांबेटे हे नाव रेडिओवर कसं घ्यायचं? तो म्हणाला, नुसतं सू म्हणूया का, किंवा काहीतरी छोटं, सोपं आडनाव लावूया. सुप्रभा म्हणाली, "तुम्ही लोक मिल्नगावी लिहिता आणि मुलगाय म्हणता. खांबेटे त्यापेक्षा सोपं आहे." मिल्नगावी हे ग्लासगोजवळचं एक गाव, आणि त्याचा उच्चार खरंच तसा आहे. अलेस्डरने तिच्याकडून नाव तीनदा म्हणवून घेतलं, कागदावर लिहिलं आणि पुन्हा कधी चुकला नाही.

पहिला कार्यक्रम आम्ही स्वयंपाकघरात बसून ऐकला. ह्यांनी कॅसेट लावून तो टेप केला. संध्याकाळी ती आली, दारातच म्हणाली, "कसं झालं?"

"फर्स्ट क्लास," हे म्हणाले.

"आई?"

खोटं अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण गाडीतलं ते बोलणं मला आठवलं असेल, किंवा मी थकले होते. म्हटलं, "आवाज गोड होता. पण मला एक अक्षर कळलं नाही."

तिचा चेहरा पडला. "आई, ते लोकांना माहीत असतं. ज्यांना कर्लिंग माहीत आहे ते ऐकतात."

"मग ज्यांना माहीत आहे त्यांना तू सांगून काय उपयोग?"

ती काही न जेवता निघून गेली. तेव्हा ती वेगळ्या फ्लॅटमध्ये राहायला लागली होती. तीन दिवस फोन नाही. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिचा दुसरा गुडघा मोडला. रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. ती उभी होती, हातात तीच कॅसेट. कोट न काढताच टेबलाशी बसली, टेपरेकॉर्डर समोर ओढला आणि म्हणाली, "कुठे कळलं नाही, तिथे हात वर कर."

मी पहिल्याच वाक्याला हात वर केला.

दुपारपर्यंत आम्ही बसलो होतो. दीड तासाच्या टेपला चार तास लागले. ती चिडायची, मी चिडायची, हे मध्ये चहा करून आणायचे. शेवटी मी म्हटलं, "हे बघ, तुझ्या डोळ्यांसमोर तो बर्फ आहे. माझ्यासमोर कुकर आहे. आधी मला सांग, कुठला दगड कुठे आहे. मग सांग, आता कोण टाकतंय. मग तिला काय करायचंय, आणि ते का अवघड आहे. मग ती टाकू दे. टाकताना तू गप्प बस, मला ऐकू दे."

तिने पेन काढलं आणि लिहून घेतलं. पुढच्या कार्यक्रमात मी पाचदाच हात वर केला. त्याच्या पुढच्या वेळी दोनदा. हळूहळू स्वयंपाकघरातल्या त्या रेडिओवर मला रिंक दिसायला लागला. मला स्वतःलाच नवल वाटायचं. कणीक मळता मळता मी म्हणायची, "अगं, तो डावीकडचा आधी उडव ना!" आणि हे वर्तमानपत्रातून मान वर करून बघायचे.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत मात्र तिची खरी परीक्षा झाली. किलमार्नॉकच्या पलीकडच्या एका गावात फायनल होती. आदल्या रात्रीपासून बर्फ पडत होता. मुख्य कॉमेंटेटर उत्तरेकडून गाडीने येत होता, तो रस्त्यातच अडकला. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना अलेस्डरने सुप्रभाला सांगितलं, "आज तू एकटी." आजवर ती सलग पाच मिनिटंही एकटी बोलली नव्हती. नंतर ती मला म्हणाली, "आई, माझे हात इतके थंड झाले की मला वाटलं मीच खेळणार आहे."

तिने सुरुवात केली. आवाज थोडा कापत होता. अर्धा तास गेला आणि तो स्थिर झाला. सामना रंगात आला, सातवा डाव चालला होता, आणि अचानक रेडिओवर गलका ऐकू आला. मग सुप्रभाचा आवाज: दिवे गेले आहेत. वादळाने सगळ्या गावाची वीज गेली होती. रेडिओचं यंत्र बॅटरीवर चालत होतं, त्यामुळे फक्त तिचा आवाज तेवढा बाहेर येत होता. दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, स्टुडिओत परत जाऊया, गाणी लावा. अलेस्डरनेही तिला खुणेने तेच विचारलं होतं, पण काळोखात तिला ती खूण दिसलीच नाही.

ती बोलत राहिली. दिवे गेले तेव्हा वर्तुळांमध्ये सात दगड होते, ती म्हणाली, आणि एकेक दगड सांगायला लागली. पिवळा ठिपक्याच्या उजव्या अंगाला, हातभर लांब. त्याच्या पाठीला टेकलेला लाल. पुढे दोन पिवळे पहारेकऱ्यांसारखे. सातही दगड तिने आठवणीतून मांडले. मग म्हणाली, आता तुम्हालाही तितकंच दिसतंय जितकं मला, तेव्हा आपण मिळून ठरवूया, लाल टीमच्या स्किपने काय करावं. तिने तीन वाटा सांगितल्या. प्रत्येक वाटेत काय धोका, कुठला दगड कुठे जाईल. मी गॅस बंद केला. हे दारात उभे होते, हातात अर्धवट घातलेला कोट. त्यांना दुपारच्या ड्युटीला निघायचं होतं.

बावीस मिनिटं दिवे नव्हते. तिने काळोखातल्या रिंकचे आवाज सांगितले. बर्फ सांभाळणारा म्हातारा टॉर्च घेऊन पट्टीवर कुणी पाय ठेवू नये म्हणून पहारा देतोय, सातही दगडांवर नजर ठेवतोय, हे सांगितलं. कँटीनमधल्या बायका चाचपडत चहा वाटत होत्या, टॉर्चच्या ओझरत्या उजेडात खेळाडू एकमेकींचे कोट अंगावर घेऊन एकाच बाकावर बसल्या होत्या, लाल कुठल्या आणि पिवळ्या कुठल्या ते कळत नव्हतं. बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून तो खडबडीत का करतात ते सांगितलं. आणि मग मला तिने म्हटलेलं ऐकू आलं, इंग्रजीत: माझी आई म्हणते, दगड जात असताना गप्प बसावं, म्हणजे ऐकणाऱ्याला ऐकू येतं. आता दिवे येतील तेव्हा मी गप्प बसेन, तुम्ही ऐका.

दिवे आले. सातही दगड तिने सांगितले तिथेच होते. लाल स्किपने तिसरी वाट निवडली. सुप्रभा गप्प बसली. दगड खरखरत गेला, ब्रूम घासल्याचा आवाज आला, आणि मग ग्रॅनाइटवर ग्रॅनाइट आदळला, खण्णकन. मी आणि हे दोघेही एकदम "वा!" म्हणालो. हे त्या दिवशी ड्युटीला वीस मिनिटं उशिरा गेले. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

त्यानंतर पत्रं आली. एका म्हाताऱ्या मेंढपाळाने दुसऱ्याकडून लिहवून घेतलं होतं की माझी दृष्टी गेल्याला सहा वर्षं झाली, त्या बावीस मिनिटांत सगळ्या स्कॉटलंडला माझ्याइतकंच दिसत होतं. ते पत्र सुप्रभाने अजून जपून ठेवलंय. एक पत्र वाईटही होतं. त्या माणसाने विचारलं होतं, हा आमचा खेळ, ही बाई मुळात कुठली? तिने पोस्टकार्डवर एका ओळीत उत्तर पाठवलं, "रिंकच्या मागच्या गल्लीतली." खाली आपलं नाव पूर्ण लिहिलं.

वर्षभरात अलेस्डरने तिला कायमची नोकरी दिली. केमिस्टचं दुकान सोडताना ती घाबरली होती, ह्यांच्यापेक्षाही जास्त. हिवाळ्यात कर्लिंग, उन्हाळ्यात गोल्फ, शाळांचे खेळ, हिरवळीवर जड चेंडू घरंगळवायचा बोल्स, जे येईल ते. बोल्सच्या एका सामन्यासाठी इंग्लंडमध्ये मेडनहेडला गेली असताना तिला हरीश भेटला. लंडनजवळच्या पिनरमध्ये वाढलेला, मेडनहेडच्या शाळेत गणित शिकवणारा, आई-वडील नागपूरचे. सामन्यानंतर तो तिच्याकडे येऊन मराठीत म्हणाला, "तू बोलतेस त्यात एक चूक आहे. तो कोन साठ अंशांचा नव्हता." आणि तरी तिने त्याच्याशी लग्न केलं! दोघांचंही मराठी सारखंच लंगडं. "माझा चूक झाली," असं तो म्हणतो आणि ती त्याला सुधारते, "माझं चूक." मी आता तोंड उघडत नाही. त्यांचं त्यांना समजतं. स्टर्लिंगला त्यांनी घर घेतलंय, तो तिथल्या शाळेत शिकवतो.

अठ्ठ्याण्णव साली जपानमधल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कर्लिंगला पहिल्यांदा खरीखुरी पदकं ठेवली होती. सुप्रभाला कॉमेंट्रीसाठी पाठवलं. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. इशबेल आता ऐंशीच्या पुढे, लार्ग्सला समुद्राकाठी एका वृद्धाश्रमात असते. मी आणि हे सकाळी आठलाच गाडी काढून तिच्याकडे जायचो. हे आता निवृत्त झाले होते. तिथल्या हॉलमध्ये सगळी म्हातारी मंडळी ओटची पॉरिज खात ऐकत बसायची, आणि इशबेल सर्वांना गप्प करायची, "शू, माझी मुलगी बोलतेय." पहिल्यांदा ती असं म्हणाली तेव्हा तिने चटकन माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर बोललीस." खरंच होतं ते. मी तिला बोलायला शिकवलं असेल, पण बर्फावर तिला इशबेलनेच नेलं.

आमच्या मुलींना पदक मिळालं नाही. थोडक्यात गेलं. शेवटचा सामना हरल्यावर मला वाटलं सुप्रभाचा आवाज भरून येईल. तसं झालं नाही. तिने सरळ सांगितलं, कुठला दगड चुकला, का चुकला, आणि ती मुलगी चुकली तरी किती छान खेळली. मग म्हणाली, चौथी म्हणजे जगात चौथी. इशबेलने माझा हात दाबला.

ती परत आली तेव्हा तिला सर्दी झाली होती, आणि बॅगेत माझ्यासाठी तांदळाच्या पिठाच्या जपानी मिठाईचा डबा होता. चव थेट आपल्या उकडीसारखी, फक्त गूळ विसरलेली. रविवारी ती आणि हरीश जेवायला आले. मी साखरभात केला होता, पण या वेळी कुठल्या माफीसाठी नव्हे. जेवताना तिने सांगितलं की पुढच्या चार वर्षांचा करार झालाय, आणि आता एका नव्या मुलीला, माजी खेळाडूलाच, तिच्या हाताखाली तयार करायचंय.

"तिला काय शिकवणार?" ह्यांनी विचारलं.

"आधी तिला आईकडे पाठवणार," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर ती सोफ्यावर आडवी झाली आणि बोलता बोलता झोपली. हरीश आणि हे बागेत काहीतरी बघायला गेले. हरीशला ह्यांच्या गुलाबांच्या रांगा सरळ नाहीत असं वाटत होतं. मी तिच्या अंगावर शाल घातली. तिचा डावा पाय अजूनही झोपेत थोडा पुढे वाकलेला असतो. तीनच्या सुमाराला फोन वाजला. अलेस्डर होता. पाच वाजताच्या कार्यक्रमात तिच्याशी दोन मिनिटं बोलायचंय म्हणाला, जपानबद्दल, घरूनच, फोनवर.

मी सोफ्याकडे पाहिलं.

"ती झोपलीय," मी म्हटलं.

"मिसेस खांबेटे, फक्त दोन मिनिटं."

"उद्या," मी म्हटलं. "उद्या सकाळी दहानंतर."

तो हसला आणि बरं म्हणाला. मी फोन ठेवला, स्वयंपाकघराचं दार आवाज न करता लोटून घेतलं आणि भांडी घासायला घेतली.